मागनं येणाऱ्याचं पाणी

“पिशवी भरलीय!” नॉर्मन बाहेरून ओरडला.

मी मागच्या दारात उभी होते. अंगावर दवाखान्याचे कपडे, त्यांवर माझ्या नवऱ्याचा, प्रकाशचा जुना कोट, आणि रात्रपाळीची झोप डोळ्यांत तशीच. बॉयलरचा मिस्त्री नॉर्मन भिंतीपाशी गुडघे टेकून बसला होता. आमच्या नव्या बॉयलरची एक तांब्याची नळी भिंतीतून बाहेर येऊन जमिनीकडे वळलेली होती. मागच्या खेपेला त्याने तिच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. ती आता शेळीच्या कासेसारखी तटतटून लोंबत होती.

“हे चांगलं की वाईट?” मी विचारलं.

“विचित्र आहे,” तो म्हणाला आणि पिशवीकडे असा बघत राहिला की जणू तिनेच त्याला फसवलं होतं.

नॉर्मन बोलायचा इंग्रजी, तेही यॉर्कशरचं, अर्धे शब्द गिळून. पहिली दोन वर्षं मला इथलं कोणाचंच बोलणं कळायचं नाही. पेशंट “दुखतंय” म्हणतोय की “दार लाव” म्हणतोय ते त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. त्याचं सगळं बोलणं मी मराठीतच सांगते.

“काय म्हणतोय गं त्यो?” आतून आत्यांनी विचारलं.

“बघतोय अजून.”

“बगू दे, बगू दे. तीन येळा झालं बगतोयच की.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे, गडहिंग्लजच्या बाजूला, सासूला आत्याच म्हणतात. डोईवर पदर, पदरावर लोकरीची टोपी, टोपीवर शाल असा सगळा जामानिमा करून त्या गॅससमोर स्टुलावर बसल्या होत्या, आणि पातेल्यात माझ्या आंघोळीचं पाणी तापत होतं. घरात नवाकोरा बॉयलर असताना सून पातेल्यातल्या पाण्याने न्हाते, याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त राग होता.

तो बॉयलर मी त्यांच्यासाठीच बसवला होता. प्रकाश होता तेव्हापासूनचा जुना बॉयलर मन मानेल तेव्हा बंद पडायचा. त्या येणार असं नक्की झालं आणि मी तो बदलायचं ठरवलं. सहा महिन्यांच्या व्हिसावर त्या ऑक्टोबरात आल्या, आणि त्याच आठवड्यात नॉर्मनने नवा बसवला. त्या मार्चपर्यंत राहतील असं मी धरून चालले होते. धरून चालले होते म्हणजे खरं तर देवापुढे हात जोडून मागत होते.

प्रकाश जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. चांगला हसत-बोलत कामावर गेलेला माणूस परत आलाच नाही. छातीत कळ आली आणि संपलं. आत्यांचा व्हिसा वेळेवर झाला नाही. लेकाचं शेवटचं तोंड त्यांनी माझ्या दिरांच्या फोनवर पाहिलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझ्या माहेरचं दार आईबाबांच्या मागे बंदच झालं होतं. तेव्हापासून मला एकच धास्ती बसली होती. आत्यांना आणि मला जोडणारा मधला माणूस गेला. आता आत्यांची मी कोण? हे त्यांना विचारायची माझी छाती नव्हती. त्या इथे राहिल्या, एक अख्खा हिवाळा माझ्या घरात राहिल्या, तर न विचारता उत्तर मिळेल असं मला वाटायचं.

आणि त्या दर चार दिवसांनी म्हणायच्या, “पाव्हण्यानं किती दिस ऱ्हावं गं पोरी?”

पाव्हणी. तो शब्द मला टोचायचा. मी म्हणायची, “राहा ना आत्या. अजून थोडे दिवस राहा.” त्या शाल ओढून घ्यायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. बाहेर हॅलिफॅक्सच्या काळ्या दगडी घरांची रांग आणि वर राखाडी आभाळ, दुसरं होतं काय बघायला?

त्यात बॉयलरने दावा साधला. त्याच्या पुढ्यात एक काटा असतो. खोल्या गरम ठेवणाऱ्या, भिंतीवरच्या सगळ्या रेडिएटरांतून तेच ते पाणी फिरत असतं, त्याचा दाब तो काटा दाखवतो. हिरव्या पट्ट्यात असला की सगळं ठीक. शून्यावर आला की बॉयलर रुसतो. ना खोल्या गरम, ना नळाला गरम पाणी. मी रात्रपाळीला निघताना काटा हिरव्यात असायचा, सकाळी परत यावं तर शून्यावर. मग बॉयलरच्या पोटाखालची नळी उघडून पाणी भरायचं, काटा वर आणायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“तुझ्या बंबाला झालंय तरी काय?” आत्या विचारायच्या. “मी न्हाले तवा तर चांगलं ऊन पाणी येत हुतं.”

पहाटे उठून सगळ्यांआधी आंघोळ, हा त्यांचा जन्माचा नेम. हॅलिफॅक्सच्या नोव्हेंबरातही तो मोडला नव्हता.

रविवारी मात्र कडेलोट झाला, कितीही पाणी भरलं तरी दाब टिकेना. दिवसभर बर्फाचं पाणी भुरभुरत होतं आणि घरात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आत्या दोन गोधड्यांच्या आतून म्हणाल्या, “माझं तिकीट बदल बाई. हितं थंडीनं गेले तर तुला चार खांदेकरीसुदिक मिळायचं न्हाईत.”

“शुक्रवारी नॉर्मन येतोय,” मी म्हणाले. “त्याला जमलं नाही तर बदलते.”

“शपथ?”

“शपथ.”

आणि आज शुक्रवार होता. त्या गुडघे टेकून बसलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं, पण माझा अख्खा हिवाळा त्याच्या पान्याला लटकलेला होता.

नॉर्मनने पिशवी अलगद सोडली आणि स्वयंपाकघरात आणून सिंकमध्ये माझ्या मापाच्या भांड्याने पाणी मोजायला घेतलं. आत्यांनी पदर तोंडाला लावला. ज्या भांड्याने त्या तांदूळ घ्यायच्या, ते ते भांडं होतं. मी डोळ्यांनीच त्यांना दटावलं.

“ऐका,” नॉर्मन म्हणाला. “पहिल्या खेपेला मी काय शोधलं? गळती. एकेक रेडिएटर, एकेक जोड हाताने चाचपला. सगळं कोरडं ठणठणीत. दुसऱ्या खेपेला दाब सांभाळणारी टाकी तपासली. तीही चांगली. ही बाहेरची नळी ठिबकत होती म्हणून तिचा व्हॉल्व बदलला. बरोबर?”

“बरोबर.”

“हा व्हॉल्व कशासाठी असतो? दाब फार वाढला तर जास्तीचं पाणी बाहेर सोडायला. म्हणजे बॉयलर फुटू नये म्हणून. एकदा का तो असा जोरात उघडला की कचरा अडकतो, नीट मिटत नाही, आणि मग ठिबकून ठिबकून सगळाच दाब जातो.” त्याने भांड्यातलं पाणी ओतून दिलं आणि पिशवीतलं उरलेलं पुन्हा त्यात घेतलं. “पण हे पाणी बघा. एवढं पाणी जास्तीचं निघेलच कुठून? तुम्ही इतके दिवस मला सांगताय दाब पडतो. पडतो तो नंतर. आधी तो चढतोय. तुमच्या बॉयलरमध्ये कुठून तरी पाणी येतंय.”

“कुठून येणार?”

“तेच बघायचंय.”

त्याने नवा व्हॉल्व बसवला, काटा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध आणला, बॉयलर चालू केला आणि जमिनीवर फतकल मारून बसला. नळातून पाणी आपोआप आत पाझरत असेल तर तासाभरात काटा वर चढेल, असं त्याचं म्हणणं. नाही चढला तर निदान एक शक्यता कमी होईल.

म्हणून आम्ही तिघं एका काट्याकडे बघत बसलो. आत्यांनी आलं ठेचून चहा केला. नॉर्मनला तो पहिल्या खेपेपासून आवडला होता. दोन्ही हातांत कप धरून तो भुरके मारत होता. मी गरम पाणी घेऊन न्हाऊन आले, तरी काटा तिथेच.

“ह्याला आई हाय का इचार,” आत्या म्हणाल्या.

मी विचारलं. नव्वदीची होती, वरच्या गल्लीतच राहायची, रोज दुपारी तो जेवायला तिच्याकडे जायचा.

“नशीबवान हाय,” आत्या म्हणाल्या. कोण नशीबवान ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही नॉर्मनला ते सांगितलं नाही.

रेडिएटर हळूहळू तापायला लागला. आत्यांनी टोपी काढली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “प्रकाशला ह्यो बंब ठावा न्हवता न्हवं?”

त्या आल्यापासून लेकाचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. मी कप खाली ठेवला.

“नाही. तेव्हा जुना होता. सारखा बंद पडायचा. हे त्याला लाथा घालायचे.”

“लाथाच घालायचा त्यो!” आत्या एकदम हसल्या. “आपल्या बंबालाबी घालायचा. पोचा पाडलाय खाली, अजून हाय त्यो पोचा.” हसता हसता त्या थांबल्या. “मग बंद पडल्यावर गार पाण्यानं न्हायचा व्हय हितं? असल्या थंडीत?”

“कधी कधी.”

“तुला सांगून? पाणी तापवून देत न्हवतीस?”

“मी रात्रपाळीला असायची आत्या. हे सांगायचे नाहीत. टॉवेल ओला गार दिसला की मला कळायचं.”

आत्यांनी शालीच्या टोकाने नाक पुसलं. मला वाटलं त्या आता रडतील, आपण दोघी एकदा मोकळ्या रडू. मी त्या रडण्याची दोन वर्षं वाट बघत होते. पण मध्ये नॉर्मन बसलेला, आणि परक्या पुरुषासमोर आत्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“नाही चढत,” नॉर्मन म्हणाला आणि उठला. “केसभरही हललेला नाही. आपोआप काही आत येत नाही. मिसेस चौगुले, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. या तोट्यांना कोण हात लावतं?”

बॉयलरच्या पोटाखाली जाळीदार पोलादाची ती नळी होती, तिच्या दोन टोकांना दोन छोट्या काळ्या तोट्या. घरच्या पाण्याच्या पाइपातून बॉयलरमध्ये पाणी घ्यायचं ते तिथूनच.

“मी लावते,” मी म्हणाले. “काटा शून्यावर आला की. तुम्हीच शिकवलंत.”

“आणि हिरव्यात आला की बंद करता?”

“मी नर्स आहे. सलाइन कधी थांबवायचं ते मला कळतं, हे कळणार नाही?”

“तुम्ही नाही, तर दुसरं कोणी?”

“दुसरं कोण? घरात आम्ही दोघी. त्यांना तुमच्या बॉयलरमधलं काय कळतंय?” माझा आवाज जरा चढलाच. आता खापर आमच्यावर फोडून हा माणूस निघून जाणार, बॉयलर उद्या पुन्हा बंद पडणार, आणि मला शपथ पाळावी लागणार. डोळ्यांसमोर विमानतळ दिसायला लागला.

नॉर्मन वाद घालणारा नव्हता. त्याने खांदे उडवले, पान्याने नळीचं एक टोक सैल केलं आणि म्हणाला, “नाही तरी ही कायम जोडून ठेवायची नसतेच. काढून ठेवतो. मग बघू.”

“अगं ए!” आत्या स्टुलावरून ताडकन उठल्या. “ती नळी कशापायी काढाय लागलाय त्यो? उद्या पाणी कुठनं घालू मी?”

मी हाताने नॉर्मनला थांबवलं.

“कसलं पाणी आत्या?”

“कसलं म्हंजे? बंबातलं.”

“तुम्ही पाणी घालता यात?”

“मग?” त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू पोरगी रात्रपाळी करून करून खुळी झाली होती. “न्हाऊन झाल्यावर पाणी घालाय नको? ह्यो पयल्या दिशी तुला दाखवत हुता तवा बगितलं की मी दारातनं. ही तोटी अशी, ती तोटी अशी. एक कळशी भरंल एवढं घालायचं आन् बंद करायचं. रोज घालते.”

“रोज?”

“एक दिस सुदिक चुकले न्हाई,” आत्या अभिमानाने म्हणाल्या.

“काय म्हणतायत त्या?” नॉर्मनने विचारलं.

आता याला काय सांगू? गावाकडे आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब आहे. मधे जाळ, भोवती पाणी. खालच्या तोटीने ऊन पाणी काढायचं आणि काढलं तेवढं गार पाणी वरून घालायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला ते तापून तयार मिळतं. जो घालत नाही त्याच्या नावाने अख्खं घर शंख करतं, कारण बंब कोरडा पडला तर त्याचं बूड जळतं. हे मी नॉर्मनला हातवारे करून, जमेल तसं समजावलं. तो ऐकत होता आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत होत्या.

“म्हणजे पहाटे त्या आंघोळ करतात,” तो म्हणाला, “मग भरलेल्याच बॉयलरमध्ये आणखी भरतात. रेडिएटर तापले की दाब थेट लाल पट्ट्यात. व्हॉल्व उघडतो, मिटत नाही, आणि तुम्ही घरी येईपर्यंत...”

“शून्य.”

“शून्य!” त्याने मांडीवर थाप मारली आणि तो मोठमोठ्याने हसायला लागला. “तीस वर्षं हे काम करतोय. गळणारे बॉयलर पाहिले. कोणी इतक्या प्रेमाने भरलेला नव्हता पाहिला.”

मलाही हसू फुटलं. तीन खेपा, दोन व्हॉल्व, एक पिशवी, आणि चोर समोर स्टुलावर बसून चहा पाजत होता.

“त्यांना विचारा,” नॉर्मन डोळे पुसत म्हणाला, “कोणासाठी भरत होत्या?”

मी विचारलं.

“कुणासाठी म्हंजे काय?” आत्या म्हणाल्या. “मागनं न्हाणाऱ्यासाठी. तू येणार की रातभर उभी ऱ्हाऊन. आल्या आल्या न्हाणार. तुला ऊन पाणी नको?”

माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. माझ्या आंघोळीला गरम पाणी मिळावं म्हणून त्या रोज पहाटे ते पाणी भरत होत्या, आणि नेमकं त्यानेच ते गार पडत होतं. मग गॅससमोर बसून, बंबाला शिव्या घालत, पुन्हा माझ्यासाठी पातेल्यात तापवत होत्या.

आत्यांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. मी नॉर्मनला सांगितलं ते त्यांना कळलं नव्हतं, पण त्या काही खुळ्या नव्हत्या.

“माझ्यामुळं बिघडला का गं?”

“नाही हो आत्या.”

“खरं सांग. मीच मोडला व्हय तुझा बंब?”

“मोडला नाही. यात पाणी घालावं लागत नाही. हा आपलं आपण घेतो.”

“आपलं आपण घेतो,” त्या हळूच म्हणाल्या. मग स्टुलावर टेकल्या आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. घर चांगलं उबदार झालं होतं. “मग मला हितं काय काम?”

नॉर्मन शहाणा माणूस. त्याने नळी काढली, पुसून आत्यांच्या हातात दिली, चहाबद्दल त्यांच्यापुढे किंचित वाकला आणि हत्यारं गोळा करून गेला. आत्या ती नळी मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. आणि मला एकदम माझ्या लग्नानंतरची न्हाणी आठवली. नवी नवरी, हातात हिरवा चुडा. न्हाऊन झालं तशी मी कळशी उचलून बंबात पाणी घालायला गेले, तर आत्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली होती. “ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या होत्या. “पाव्हण्यानं बंबात पाणी घालायचं नसतंय.” मी रोज न्हायची आणि रोज त्या घालायच्या. मला परकं परकं वाटायचं. मग एका सकाळी मी न्हाऊन, केस झटकत तशीच बाहेर आले, तर चुलीपासून आवाज आला, “आन् बंबात पाणी काय तुझा बा घालणार?” ती सासूची पहिली शिवी. मी कळशी घेऊन धावले. प्रकाश दारात दात घासत उभा होता, तो म्हणाला, “झालीस आता घरची.” मला इतका आनंद झाला होता की निम्मं पाणी मी बंबाच्या बाहेरच ओतलं.

“आत्या,” मी म्हणाले, “पाहुणे बंबात पाणी घालतात का?”

“न्हाई. का?”

“मग तुम्ही सारखं स्वतःला पाव्हणी का म्हणता?”

आत्यांनी नळीची टोकं एकमेकांना लावून बघितली, सोडली, परत लावली.

“तू म्हणशील म्हणून म्हणत हुते.”

“काय म्हणेन?”

“‘तुम्ही कुठल्या पाव्हण्या’, असं. येकदा म्हणशील, दोनदा म्हणशील, म्हणून वाट बगत हुते. तू एकदाबी म्हणली न्हाईस. मी पाव्हणी म्हणले की तू म्हणायचीस, ‘ऱ्हावा की, अजून थोडं दिस ऱ्हावा.’” त्यांनी नळी खाली ठेवली. “घरच्या माणसाला कोण ‘ऱ्हा’ म्हणतंय का पोरी? ‘ऱ्हा’ पाव्हण्याला म्हणत्यात. मला वाटलं, प्रकाशच न्हाई, आता हिची मी कोण लागते?”

जो प्रश्न मी उशाशी घेऊन झोपत होते, तोच घेऊन ही बाई इतका समुद्र ओलांडून आली होती, आणि एकाच घरात, एकाच पातेल्यातलं पाणी घेत, आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत बसलो होतो.

मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि रडले. आत्याही रडल्या, आवाज करून, गावाकडच्या बायका रडतात तशा, प्रकाशचं नाव घेऊन, त्याच्या लाथांची, त्याच्या गार पाण्याच्या आंघोळींची आठवण काढून. त्यांचा हात माझ्या ओल्या केसांवरून फिरत होता. ते लेकाचं रडणं दोन वर्षं तुंबलं होतं. आत कुठेतरी रेडिएटरात पाणी खळखळत होतं आणि खोली इतकी तापली होती की आत्यांनी रडता रडताच शाल काढून टाकली.

मग त्यांनी माझं तोंड पदराने पुसलं, स्वतःचं पुसलं आणि विचारलं, “तिकिटाचं काय केलंस?”

“काही नाही. बॉयलर झाला नीट. आता बदलायचं कारण नाही.”

“बदल.”

मी मान वर केली. “आत्या, आत्ताच तर...”

“बदल म्हणते न्हवं. आन् तुझंबी एक काढ माझ्यासंगट. प्रकाश गेल्यापास्नं तू घरला आली न्हाईस. आधी घरला चल.”

“अशी कशी येऊ? रजा मागावी लागेल, ती मिळाली पाहिजे.”

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, खरोखरचं आश्चर्य होतं.

“घरला जायाला रजा लागती व्हय?” त्या म्हणाल्या.

डिसेंबरात आम्ही दोघी गेलो. मला तीन आठवड्यांची रजा मिळाली होती. पण रजा एवढीच आहे हे आत्यांना मी परत निघायच्या आदल्या दिवसापर्यंत सांगितलं नाही. निघताना त्या मला सोडायला अंगणापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. न्हाणीतच काहीतरी करत राहिल्या. पुन्हा इकडे यायला मी त्यांना पुष्कळदा म्हटलं. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणायच्या. तीन वर्षांनी त्या गेल्या. मला कळलं तेव्हा मी पाळीवर होते, आणि या वेळी फोनच्या पडद्यावर बघायची पाळी माझी होती.

अजून हॅलिफॅक्सलाच आहे मी. वर्षाआड गावी जाते. माझे दीर आणि जाऊबाई मनाने फार चांगली माणसं. कोल्हापूरपर्यंत घ्यायला येतात, बॅग हाताला लागू देत नाहीत. सकाळी न्हाणीत माझ्यासाठी बादली भरलेली असते, टॉवेल-साबण मांडून ठेवलेला असतो. जाऊबाई विचारतात, “वहिनी, किती दिवसांची रजा आहे?” मी सांगते. आणि निघायच्या दिवशी, मी बॅग भरत असताना, दोघं दारात येऊन उभी राहतात आणि अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, “राहा की अजून दोन दिवस.”